"थंडीत लाल होतील, ताई"

रक्कम ऐकून हसाल, सगळं मिळून २,०४८ रुपये. पण इन्स्टावर झाडं विकणाऱ्या एकाने तीन महिने मला ज्या पद्धतीने झुलवलं त्याचा राग अजून गेला नाहीये, आणि गेल्या आठवड्यात मावसबहिणीने तसल्याच एका पेजची लिंक पाठवून "घेऊ का गं?" विचारलं तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकावं.

तर झालं असं, कोजागिरीच्या आसपास इन्स्टावर एक पेज दिसलं, सगळं मराठीतच, आणि फोटो असे की बघतच राहावं. गुलाबाच्या फुलासारखी गोल रचलेली जाड हिरवी पानं आणि प्रत्येक पानाच्या टोकाला लालभडक ठिपका. 'लिपस्टिक' नावाची एचेव्हेरिया खरंच असते, मूळची मेक्सिकोकडची. 'कॅम्पफायर' म्हणून एक क्रॅसुला असते, ती थंडीत शेकोटीसारखी पेटते, आणि 'जेली बीन' नावाच्या झाडाची पानं तर चोखायच्या गोळ्यांसारखी दिसतात. हे सगळं मला नंतर कळलं, तेव्हा फक्त लाल रंग दिसत होता. १० झाडांचा 'विंटर कलर कॉम्बो' १,४९९ ला, कुरियर १५० वेगळं, कॅश ऑन डिलिव्हरी नाही, फक्त यूपीआय. 'शेवटचे ४ कॉम्बो' असं लिहिलेलं होतं, आणि मी दुपारी भांडी घासायची सोडून पैसे पाठवले.

नऊ दिवसांनी खोकं आलं. झाडं बिनमातीची, मुळं वर्तमानपत्रात गुंडाळलेली. ते एक ठीक आहे, सक्युलंट (म्हणजे ही जाड पानांत पाणी साठवणारी झाडं) असेच पाठवतात आणि ती काही दिवस तशी राहतात पण. पण लाल? एक टोक लाल नाही. सगळी हिरवी, काही जरा राखाडी. मी लगेच फोटो पाठवले तर पाच मिनिटांत उत्तर, तेही किती गोड, "ताई आत्ता ऑक्टोबर हीट चालू आहे ना, थंडीत लाल होतील, तोपर्यंत सावलीत ठेवा आणि एक दिवसाआड पाणी द्या."

आता यातली गंमत बघा. थंडीत लाल होतात हे खरं आहे! म्हणूनच मी फसले. या झाडांना कडक ऊन, थंड रात्री आणि कमी पाणी असा तिहेरी ताण बसला की पानात अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य तयार होतं, जास्त उन्हापासून पानाला वाचवायला, आपण सनस्क्रीन लावतो तसं. ऊब आणि भरपूर पाणी मिळालं की परत हिरवी. म्हणजे लाल हवं असेल तर ऊन पाहिजे आणि पाणी तोडायला पाहिजे, आणि याने मला सांगितलं सावली आणि एक दिवसाआड पाणी. बरोबर उलटं. झाड लाल होणार नाही, कदाचित कुजेल, आणि कुजलं की "ताई तुम्ही पाणी जास्त घातलं" म्हणायला हा मोकळा. शिवाय पेजवर नियम होताच, तक्रार ७ दिवसांच्या आत. ते सात दिवस माझे थंडीची वाट बघण्यात गेले.

दिवाळी गेली. विचारलं तर "अजून खरी थंडी कुठे पडली ताई." डिसेंबरात आमच्या नाशकात पहाटे स्वेटर घालून दूध आणायची वेळ आली, निफाडचा पारा रोज बातम्यांत, आणि माझी झाडं तश्शीच हिरवी. तीन तर बुडातून मऊ होऊन गेली. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांच्या गच्चीवर साधं जेड आहे, वीस रुपयांच्या प्लॅस्टिकच्या कुंडीत, कोणी ढुंकून बघत नाही असं, त्याच्या पानांच्या कडा मात्र छान लाल झालेल्या. मी काकांना घरी बोलावून माझी उरलेली सात झाडं आणि मेलेल्यांचे फोटो दाखवले. ते म्हणाले यातली चार घोस्ट प्लांट, उन्हात फार तर गुलाबीसर होतील, फोटोतली लाल टोकं यांना कुठून येणार. तीन हावर्थिया, यांना तर कडक ऊनच सोसत नाही. उरली तीन, ती काका चष्मा पुसून बघत होते तेवढ्यात सासूबाई मागून आल्या आणि म्हणाल्या, "अगं ही पानफुटी आहे. आमच्या विहिरीपाशी रान माजलंय तिचं. मुतखड्यावर देतात. हिचे पैसे दिलेस तू?"

कॉम्बोच्या यादीत त्या तिघांचं नाव 'मेक्सिकन रेड एज रेअर' असं होतं.

मग मात्र मी चिडून लिहिलं की कंप्लेंट करते. यावर तो भांडला नाही हे विशेष. म्हणाला ताई सॉरी, पॅकिंगवाल्या मुलाची चूक, तुम्हाला दोन मोठी लिपस्टिक पाठवतो, कलर आलेलीच, फक्त कुरियर आणि पॅकिंगचे ३९९ टाका. आणि मी टाकले. हो, टाकले. यांनी (आमच्या ह्यांनी) कपाळावर हात मारला.

आली झाडं, आणि काय सांगू, अगदी फोटोतल्यासारखी. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकले, सगळ्यांचे लाइक. दहाएक दिवसांनी उन्हात नीट बघितलं तेव्हा खटकलं की सगळ्या पानांचं लाल एकाच छटेचं आहे, खालच्या जुन्या पानाचं आणि वरच्या पानाचं पण, आणि जिथे संपतं तिथे एकदम रेघ मारल्यासारखं संपतं. खरा रंग असा नसतो, तो हळूहळू विरत जातो, उन्हाच्या बाजूला गडद, सावलीच्या बाजूला फिका. त्यात मधोमध जी नवी पानं फुटली होती ती शुद्ध हिरवी. नेलपेंट रिमूव्हरचा कापूस एका पानाला लावला. कापूस लाल.

ब्रशने रंगवलेली होती! नुसतं फसवणंच नाही तर झाडाचे पण हाल, कारण अशी बरीच सक्युलंट रात्री पानावरची छिद्रं उघडून हवा घेतात आणि जिथे रंगाचा थर बसलाय तिथे हवाही नाही आणि ऊनही नाही.

शेवटचा अंक लवकर संपवते. मी रिमूव्हरचा व्हिडिओ पाठवला, तर रिफंड देतो म्हणून एक क्यूआर कोड आला, "स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, एवढं बँकेचे मेसेज वाचून वाचून पाठ झालंय, म्हणून तिथे वाचले. संध्याकाळी नंबर ब्लॉक, दुसऱ्या दिवशी पेजच गायब. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांक आहे माझ्याकडे, पैसे नाहीत. तिकडच्या बाई नीट बोलल्या, पण म्हणाल्या पैसे गेल्या गेल्या कळवलं असतं तर ते अडवायला काहीतरी चान्स असतो, तुम्ही ऑक्टोबरचं जानेवारीत सांगताय. मला स्क्रीनशॉट तरी आधी काढायला सुचले होते, नाहीतर पेज गेल्यावर दाखवणार काय.

मावसबहिणीला मी एवढंच सांगितलं की विकणाऱ्याला म्हण, झाडाशेजारी कागदावर आजची तारीख लिहून व्हिडिओ पाठव, आणि मधली कोवळी पानं जवळून दाखव. एचेव्हेरियाच्या बऱ्याच जातींच्या पानांवर पांढरट पावडरीसारखा थर असतो, बोट लावलं की ठसा उठतो. तसल्या जातीचं पान टोकालाच गुळगुळीत चकचकीत दिसलं तर तिथे काहीतरी फासलंय समज. आणि बिया तर घेऊच नकोस, लाल-निळ्या सक्युलंटच्या बिया म्हणून जे ठसठशीत दाणे विकतात ते बघ, एचेव्हेरियाचं बी धुळीसारखं बारीक असतं. तिने तारखेचा व्हिडिओ मागितला. "स्टॉक संपला ताई" असं उत्तर आलं.

माझ्याकडे आता काय आहे, तर काकांनी दिलेली जेडची फांदी, ती लागलीये. पानफुटी कठड्यावर उन्हात ठेवली तर महिन्याभरात तिच्या कडा लाल झाल्या, म्हणजे दहातली लाल झाली ती फुकटची तेवढी, सासूबाई येता जाता मुद्दाम तिचं कौतुक करतात. रंगवलेल्या दोनांपैकी एक मेलं. दुसऱ्याला मधून हिरवीगार पानं आलीयेत आणि बाहेरची रंगाची पानं सुरकुतून खाली लोंबतायत, ती मी तोडली नाहीयेत, घरी कोणी आलं की दाखवते.