सुविनचं बियाणं नागपूर भागात घ्यावं का? पिशवीपासून गाठीपर्यंतचं परीक्षण

सुविन हा आपल्याकडे तयार झालेल्या सरळ वाणांतला (म्हणजे ज्यांचं बी घरचं ठेवता येतं, दरवर्षी नव्याने संकर करावा लागत नाही) सर्वांत तलम कापूस. सुजाता आणि वेस्ट इंडीजचा सेंट व्हिन्सेंट सी आयलंड यांच्या संकरातून तो कोइमतूरला तयार झाला आणि १९७४ मध्ये प्रसारित झाला. धाग्याची लांबी ३८ ते ४० मिलिमीटर, मायक्रोनेअर (धागा किती बारीक आणि भरलेला आहे ते सांगणारा आकडा) ३ ते ३.५ च्या आसपास. त्यातून १०० ते १२० नंबरचं सूत निघतं; नंबर जितका मोठा, तितकं सूत बारीक. आपल्या शेतातली बीटी (बोंडअळीला मारणारं जनुक घातलेली) पऱ्हाटी २८ ते ३० मिलिमीटरवर थांबते. तमिळनाडूत सेलम भागात सुविनची शेती टिकून राहिली, पण तिथलंही क्षेत्र खूप घटलं. म्हणून हा कापूस पुन्हा वाढावा असं कापडाची जाण असलेल्या प्रत्येकाला वाटतं, आम्हालाही वाटतं.

आमचं मत आधीच सांगतो. धाग्याला पैकीच्या पैकी गुण. मात्र बरड जमिनीत, नुसत्या पावसाच्या भरवशावर आणि गिऱ्हाईक ठरवल्याशिवाय हे बियाणं घेऊ नये. ऑक्टोबरात पाणी देता येत असेल आणि शेजारचे दोन-तीन शेतकरी सोबत असतील, तर एकेक एकरावर जरूर घ्यावं.

पिशवी हातात आली की आधी लेबल वाचा. प्रमाणित बियाण्याला निळं लेबल असतं, पायाभूतला पांढरं आणि सत्यप्रतला फिकट हिरवं. सरळ वाणाच्या कापसाला उगवण किमान ६५ टक्के लागते. बीटी संकरित बियाण्याच्या ७५ टक्क्यांची सवय झालेल्यांनी हा फरक लक्षात ठेवून टोबणीला दाणे वाढवावेत. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून घरीच उगवण तपासा. ९० × ४५ सेंटिमीटर अंतरावर एकरी साधारण ९,९०० झाडं बसतात. एका जागी दोन दाणे टाकले आणि शंभर दाण्यांचं वजन १२ ग्रॅम धरलं, तर एकराला अडीच किलो बियाणं पुरतं. सुविनमध्ये बीटी जनुक नाही, तेव्हा बोंडअळीचा बंदोबस्त तुमचा तुम्हालाच करायचा आहे.

खरी कसोटी आहे वेळापत्रकाची. पीक १७० ते १८० दिवस घेतं. जूनच्या मध्याला, पहिल्या चांगल्या ओलीवर टोबलं तर ऑगस्टअखेर फुलं लागतात. फूल उमलल्यापासून पहिले २० ते २५ दिवस धागा लांबीत वाढतो. त्यानंतर पुढच्या तीन-चार आठवड्यांत त्याच्या आत सेल्युलोजचे थर बसून तो भरतो. पहिल्या टप्प्यात पाण्याचा ताण पडला तर ३९ मिलिमीटरचा वाण ३५ वर येतो आणि सुविनसाठी मोजलेले पैसे मातीत जातात. दुसऱ्या टप्प्यात रात्री गार झाल्या तर धागा लांब राहतो पण पोकळ राहतो. असा अपक्व धागा कातताना बारीक गुठळ्या धरतो, आणि कापड रंगवलं की त्या गुठळ्या पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. डिसेंबरात नागपूरचं रात्रीचं तापमान १२ अंशांच्या आसपास येतं. त्यामुळे कामाची फुलं ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचीच. त्यानंतरच्या फुलांची बोंडं मोजायचीच नाहीत. पाऊस सप्टेंबरअखेर ओसरतो, म्हणजे नेमक्या लांबी वाढण्याच्या काळात ठिबक नसेल तर गाडी अडते. जमीन मध्यम ते भारी, निचऱ्याची हवी. पाणी साचणाऱ्या काळ्या रानात पाती (फुलांच्या कळ्या) गळतात.

झाड उंच आणि पसरट वाढतं. नत्र एकदम टाकलं तर नुसता पाला होतो, म्हणून ते ठिबकमधून हप्त्याहप्त्याने द्यावं आणि पंधराव्या पेऱ्याच्या सुमारास शेंडा खुडावा. पानांवर लव कमी असल्यामुळे तुडतुडे या जातीला लवकर धरतात. पानामागे सरासरी २ दिसले की हालचाल करा. सुरुवात ५ टक्के निंबोळी अर्काने करावी, सुरुवातीलाच जहाल औषध मारलं तर मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी वाढते. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग तीन रात्री सापळ्यात ८ पतंग आले, किंवा १० टक्के फुलं डोमकळ्या (आत अळी असलेली, न उमललेली गुलाबासारखी फुलं) झाली, की फवारणीची पातळी आली असं समजा. जिनिंगच्या (सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) शेजारचं रान या कापसासाठी टाळावं, तिथल्या सरकीच्या ढिगातून पतंग येत राहतात. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर तेच झाड पाणी देऊन पुन्हा बोंडांवर आणणं, तर अजिबात नको. लांब मुदतीच्या पिकात ती ठेवायचा मोह होतो. पण त्या बोंडांत अळी सरकी खाते, रुई डागाळते आणि ते चार किलो चांगल्या मालात मिसळले की अख्खा ढीग खाली येतो.

वेचणी दव सुकल्यावर, सकाळी दहानंतर. बोंडं लहान, बहुतेक तीन पाकळ्यांची, त्यामुळे एका किलोला लागणारे हात बीटीपेक्षा बरेच जास्त. मजुरीचा दर ठरवताना हे आधीच बोलून घ्या. कवडी (किडका, अर्धवट उमललेला कापूस) वेगळ्या पिशवीत. पिशव्या सुती कापडाच्याच, वेचणाऱ्या बायांच्या डोक्याला रुमाल, खताच्या प्लास्टिक पोत्याला वावरात मज्जाव. पोत्याचा एक धागा रुईत गेला की तो थेट कापडात निघतो, कारण रंग त्याला चढतच नाही. ओलावा ८ टक्क्यांच्या जवळ येईपर्यंत माल सावलीत पसरून ठेवा.

इथवर सगळं नीट झालं तरी अनेकांचं गणित जिनिंगच्या दारात चुकतं. सुविनच्या रुईचा उतारा (सरकी काढल्यावर मिळणाऱ्या रुईचं प्रमाण) २९ टक्क्यांच्या आसपास, बीटीचा ३४. म्हणजे एका क्विंटल कापसातून २९ किलो रुई विरुद्ध ३४ किलो. केवळ हा फरक भरून काढायला सुविनच्या रुईला १७ टक्के जास्त भाव लागतो. एकरी उत्पादन बीटीच्या निम्मं धरलं, तर एकराची बरोबरी व्हायला रुईचा भाव जवळपास २.३ पट हवा. जास्तीच्या सरकीचे पैसे मिळतात, पण त्याने हे अंतर फारसं कमी होत नाही. बाजार समितीच्या यार्डात कापूस सरकीसकट वजनावर विकला तर धाग्याच्या लांबीची कुणी विचारपूस करत नाही. या भागाने हे एकदा भोगलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटची बनी ही तलम देशी जात लिव्हरपूलच्या बाजारात स्वतःच्या नावाने विकली जायची. पुढे ४० टक्क्यांच्या जवळ उतारा देणारे आखूड, जाड देशी वाण आले आणि बनी रानातून गेली. बनी वाईट नव्हती, तिच्या धाग्याचे पैसे शेतकऱ्यापर्यंत पोचत नव्हते.

म्हणून सुविन कापूस म्हणून विकू नये, रुई म्हणून विकावी. त्यासाठी जिन रोलरचीच हवी. करवतीच्या जिनमध्ये लांब धागा तुटतो. सुदैवाने नागपूर परिसर डबल रोलर जिनचाच आहे. अडचण मालाच्या प्रमाणाची आहे. दाबून बांधलेल्या रुईच्या १७० किलोच्या एका गाठीला २९ टक्क्यांनी ५८६ किलो कापूस लागतो. एका एकरातून गाठ भरेलच असं नाही, आणि अर्ध्या गाठीसाठी कुणी जिन थांबवत नाही. तीन-चार जणांनी माल एकत्र आणावा, हंगामाच्या सुरुवातीला किंवा शेवटी वेळ घ्यावी. आधीच्या लॉटचा कापूस फीडर, कन्व्हेयर आणि ओढपाइपातून पूर्ण काढायला लावावा, आणि सुरुवातीची काही किलो रुई बाजूला ठेवावी. त्यात आधीचा धागा येतोच.

गाठ बांधण्याआधी रुईचा नमुना तपासून घ्या. अमरावती रोडवर सिरकॉटचं (केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं) जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. अहवालात लांबी, एकसारखेपणा, मायक्रोनेअर आणि ताकद पाहावी. ताकदीचे आकडे आयसीसी आणि एचव्हीआय या दोन पद्धतींत वेगळे येतात, आयसीसीचा आकडा बराच कमी दिसतो. खरेदीदाराशी बोलताना पद्धत एकच धरा, नाहीतर चांगला माल कमजोर ठरवून भाव पाडला जाईल. लेखी सौद्यात तीन गोष्टी हव्यात: भाव रुईच्या किलोवर, किमान लांबी किती, आणि मायक्रोनेअर ठरल्यापेक्षा खाली आला तर कपात किती. हे लिहून द्यायला तयार नसलेल्या गिऱ्हाइकासाठी सुविन लावू नका.

पुढच्या वर्षीचं बी घरचं ठेवायचं असेल तर चौफेर बीटी असताना जपून. मधमाश्या परागकण आणतात आणि सुविनचा अमेरिकन कापसाशी सहज संकर होतो. याने या वर्षीच्या धाग्यावर काही परिणाम दिसत नाही, कारण धागा आईच्या झाडाच्या पेशींतून येतो. भेसळ दिसते ती पुढच्या हंगामात. पायाभूत बियाण्याला ५० मीटरचं विलगीकरण (दुसऱ्या कापसापासूनचं अंतर) सांगितलेलं आहे. तेवढी जागा नसेल तर कडेच्या ओळींचा कापूस वेगळा काढून बी मधल्या ओळींचंच ठेवा. फुलोऱ्यात रोज एक फेरी मारा. सुविनचं फूल पिवळंधमक, पाकळीच्या तळाशी लाल ठिपका. पांढुरकं, बिनठिपक्याचं फूल दिसलं की ते झाड त्याच दिवशी उपटा.