पाणी टेलला पोचतं का? आमच्या पाणी वापर संस्थेचा अनुभव

लोक हॉटेलांबद्दल लिहितात, मोबाइलबद्दल लिहितात. मला आमच्या पाणी वापर संस्थेबद्दल, म्हणजे कालव्याचं पाणी आपसांत वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेबद्दल लिहायचं आहे. वर्षभर पैसे भरून जी सेवा मी घेते आणि जिच्यावर माझं घर चालतं, ती हीच. संस्थेचं नाव लिहीत नाही. पुढे काही तक्रारी येणार आहेत, आणि त्या मी आमच्या आमसभेत उभी राहून बोलतेच.

मी नाशिक जिल्ह्यातली. गोदावरी खोऱ्यातल्या एका मध्यम प्रकल्पाच्या कालव्यावर आमची मायनर, म्हणजे कालव्याची छोटी शाखा आहे. ती जिथे संपते, चारी (शेतांपर्यंत पाणी नेणारा छोटा पाट) ओढ्याला मिळते, तिथे माझं तीन एकर रान. दोन एकर गहू, एक एकर उन्हाळ कांदा, पावसाळ्यात सोयाबीन. म्हणजे मी टेलची, शेवटच्या टोकाची. हेडला, म्हणजे पाणी सुरू होतं त्या टोकाला, द्राक्षबागा आणि शेततळी, मधे भाजीपाला, आणि शेवटी आम्ही.

लग्न होऊन आले तेव्हा टेलचं पाणी ही फक्त ऐकायची गोष्ट होती. कालवा सुटला की गावात बातमी यायची, आमच्या चारीत मात्र वाळलेलं गवत तसंच उभं. कधी आलंच तर रात्री दोनला, करंगळीएवढं. वरचे डोंगळे टाकायचे, म्हणजे कालव्यात पाइप सोडून परस्पर पाणी ओढायचे. पाणीपट्टीचा आकार मात्र क्षेत्रावर, त्यामुळे कोणी किती ओढलं याचा हिशेबच नव्हता. पाणी मोजलंच जात नसेल तर भांडायचं तरी कशावरून? सासरे फावडं घेऊन वर जायचे आणि शिव्या खाऊन परत यायचे.

मग २००५चा कायदा आला, शेतकऱ्यांनी सिंचन व्यवस्थापन करायचा, आणि त्यानंतर काही वर्षांनी आमची संस्था उभी राहिली. या कायद्यानं मायनरखालचा प्रत्येक जमीनधारक आपोआप सभासद होतो. सरकारी खातं एकेकट्या शेतकऱ्याला पाणी देत नाही. मायनरच्या तोंडाशी मोजून ते संस्थेला घाऊक देतं, आणि आत कोणाला किती, कधी, हे संस्थेनं ठरवायचं. पीक कोणतं घ्यायचं यावर बंधन नाही, पाण्याचा कोटा मात्र ठरलेला. संचालक मंडळात हेड, मध्य आणि टेल या तिन्ही भागांना सारख्या जागा आहेत, आणि प्रत्येक भागातून एक बाई.

आता सेवेबद्दल. कालव्याला ठरावीक काळानं पाणी सुटतं, त्याला आवर्तन म्हणतात. संस्था आवर्तनाआधी सात नंबरचे पाणी मागणी अर्ज गोळा करते. मग बैठक होते आणि पाळीपत्रक लागतं: नाव, गट नंबर, पीक, क्षेत्र, कोणत्या तारखेला किती वाजता दार उघडायचं आणि किती वाजता बंद करायचं. ते मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर चिकटवतात आणि व्हॉट्सअॅपवरही टाकतात. सुरुवात टेलपासून. पहिलं पाणी शेवटच्या शेताला, मग एकेक गट वर सरकत हेडला. हा एक नियम पाळला की बाकीचं अर्ध भांडण संपतं, कारण टेलला पाणी न्यायचं तर वरची सगळी दारं बंद ठेवावी लागतात. आपला नंबर लवकर यावा म्हणून हेडचे लोकही डोंगळ्यांवर लक्ष ठेवतात. पहिल्या दोन रब्बीत मी रात्री बॅटरी घेऊन चारीवर फिरले. आता दोन-तीन वर्षांत तशी वेळ आलेली नाही. चारीचं पाणी सोडणारे पाटकरी दादा फोन करतात, "वहिनी, पाऊण तासात पाणी तुमच्या बांधावर," आणि पाणी येतं.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते मोजणीबद्दल. आमच्या चारीच्या तोंडाशी व्ही-नॉच बसवला आहे. लोखंडी पत्र्याला काटकोनात कापलेली इंग्रजी व्हीसारखी खाच, आणि तिच्या मागे थोड्या अंतरावर भिंतीला उभी पट्टी. खाचेच्या टोकापासून पाणी किती सेंटीमीटर वर आहे ते पट्टीवर वाचायचं. पट्टीवर २० असेल तर चारीत सेकंदाला सुमारे २५ लिटर पाणी वाहतं. २५ असेल तर सुमारे ४३ लिटर. पाचच सेंटीमीटरचा फरक, आणि पाणी पावणेदोन पट! हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अर्धा तास तिथेच बसून राहिले. "थोडंसंच दार उचललं" असं वरचे लोक म्हणायचे, त्या थोड्यात आमचा गहू वाळत होता.

या हिशेबाचा रोजच्या शेतीत उपयोग होतो. एकरभर गव्हाला साडेसात सेंटीमीटर पाणी द्यायचं म्हणजे ३०० घनमीटर आणि वर थोडं. पट्टीवर २० स्थिर असेल तर त्याला तीन तास पंचवीस मिनिटं लागतात. माझ्या दोन एकरांना सहा तास पन्नास मिनिटं, आणि पावती ६१५ घनमीटरची. मी घरी वहीत गुणाकार करून पावती पडताळते. आधी पाणी आलं की रान तुडुंब भरायचं, पुन्हा मिळेल याची खात्री नव्हती म्हणून. आता रानातले सारे, म्हणजे पाणी भरायचे लांबट वाफे, छोटे पाडले, रान सपाट करून घेतलं, आणि वेळेआधी दार बंद केलं तर वाचलेलं पाणी आपल्याच कोट्यात राहतं. गव्हाच्या मुळाशी पाणी साचून पिवळेपणा यायचा, तो गेला.

आता ती घटना, जिच्यामुळे मी पाचपैकी पाच देत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या रब्बीत दुसऱ्या आवर्तनात माझी पावती जवळजवळ दीडपट आली. पाणी तेवढंच, तास तेवढेच. मी चारीवर गेले. पट्टीवर २४ दिसत होतं, पण खाचेतून पाणी नेहमीसारखं धार धरून पडत नव्हतं. खालची बाजू गाळानं आणि पानकणसानं भरली होती. पाणी पुढे सरकत नव्हतं म्हणून मागे फुगलं होतं, आणि खालच्या बाजूचं पाणी खाचेच्या टोकाच्याही वर चढलं होतं. व्ही-नॉचचं मोजमाप खरं ठरायला खाचेखाली मोकळी हवा लागते, धार पत्र्यापासून सुटून पडली पाहिजे. बुडालेल्या खाचेवर पट्टी वाचली तर आकडा फुगलेलाच येणार. म्हणजे आम्ही न आलेल्या पाण्याचे पैसे भरत होतो.

मी संस्थेत सांगितलं. आधी उत्तर मिळालं, "काकू, पट्टी खोटं बोलते का?" मी फोटो दाखवले. तेव्हा एका संचालकांनी समजून घेतलं आणि रविवारी अकरा जण घमेली-फावडी घेऊन आले. तीन तासांत खालचा पंधरा-वीस मीटरचा पट्टा मोकळा झाला. दार तेवढंच उघडं होतं, आणि पट्टी माझ्या डोळ्यांसमोर २४वरून २०वर उतरली. त्या आवर्तनाच्या सगळ्या टेलच्या पावत्या दुरुस्त करून मिळाल्या. पण त्यासाठी मला तीन आठवडे पाठपुरावा करावा लागला, आणि चारी साफ करणं हे संस्थेचं दरवर्षीचं काम असताना ते दोन वर्षं झालं नव्हतं. ज्या संस्थेचा सगळा विश्वास एका पत्र्याच्या खाचेवर उभा आहे, तिनं त्या खाचेखालचा गाळ काढायला तक्रारीची वाट पाहू नये.

दुसरी तक्रार बैठकांची. आमच्या मंडळात तीन बाया आहेत, कायद्यानं आहेत. पण बैठक रात्री साडेआठला, देवळात. दोघींच्या सह्या घरून होऊन यायच्या. पाळीपत्रकावर चर्चा व्हायची तेव्हा दारं धरणाऱ्या, म्हणजे शेतात उभं राहून पाणी वळवणाऱ्या बाया घरी भाकरी थापत असायच्या. दारं आमच्याकडे निम्म्या घरांत बायाच धरतात, पाळी कधी ठेवायची हे त्यांना विचारायला नको? आमसभेत हे बोलल्यावर बैठक दुपारी चारला ठेवायला लागले. आता टेलच्या संचालक ताई स्वतः बोलतात, आणि रात्रीच्या पाळ्या एकट्या बाईच्या नावावर लावायच्या नाहीत असा ठराव त्यांनीच करून घेतला.

तुलना करायची तर आमच्या जिल्ह्यातल्याच वाघाड प्रकल्पाशी करावी. तिथल्या कालव्याच्या टेलला ओझर आहे. समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ओझरला तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या, म्हणजे कायदा यायच्या कितीतरी आधी. पुढे सगळ्या लाभक्षेत्रावर २४ संस्था झाल्या आणि त्यांनी मिळून अख्ख्या प्रकल्पाचं पाणीवाटप हातात घेतलं. आमची सहल गेली होती. मला तिथली एक गोष्ट फार आवडली: कालव्याचं पाणी, बाणगंगा नदीवरचे बंधारे आणि विहिरी हे सगळं ते एकाच हिशेबात धरतात. बंधाऱ्यात अडवलेलं पाणी विहिरींत मुरतं, आणि दोन आवर्तनांच्या मधे विहीर पीक सांभाळते. माझ्या कांद्याला दहा-बारा दिवसांनी हलकं पाणी लागतं, आवर्तन मात्र महिन्याच्या सुमारानं येतं. मधल्या पाळ्या मी विहिरीवरच काढते, आणि कालवा सुटला की आठवडाभरात विहिरीचं पाणी वर येतं. आमची संस्था विहिरी हिशेबात धरत नाही. धरायला हव्यात. हिवरे बाजार दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावरून पिकं ठरवतं, शेतीसाठी बोअर घ्यायला तिथे बंदी आहे. आमच्याकडे हेडला बोअर वाढताहेत आणि त्यावर बैठकीत कोणी अवाक्षर काढत नाही.

माझं माहेर साक्री तालुक्यातलं, पांझरेच्या काठचं. तिथली फड पद्धत शेकडो वर्षं जुनी. बंधाऱ्यावरून पाट काढायचा, रानाचे फड, म्हणजे मोठाले भाग पाडायचे, एका फडात एकच पीक. गावानं नेमलेला पाटकरी आणि बारेकरी सगळ्यांच्या शेताला पाणी भरायचे आणि सुगीला त्यांना धान्य मिळायचं. आजोबांना रात्री दारं धरायला जावं लागत नसे. लहानपणी मला त्यात काही विशेष वाटलं नाही, सासरी आल्यावर कळलं. संस्थेची फी थोडी वाढवून पाणी भरणारा माणूस ठेवावा असं मी सुचवलं आहे. गावातली तरुण पोरं कंपनीत कामाला जातात, म्हाताऱ्या माणसांनी थंडीत दारं किती दिवस धरायची?

आणि एक गोष्ट मला खुपते, ती आमच्या संस्थेच्या हातात नाही, कायद्यातच तशी आहे. पाणी जमिनीला चिकटलेलं आहे. ज्याची जमीन नाही त्याला या सगळ्यात काहीच नाही. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत सुरू केली, तेव्हा पाणी माणसागणिक वाटायचं ठरवलं: माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस घ्यायचा नाही. आमच्या चारीवर गाळ काढायला आलेल्या अकरा जणांत तीन जण भूमिहीन होते. त्यांनी तीन तास फावडं चालवलं आणि पाणी माझ्या शेतात गेलं. मी त्यांना कांद्याच्या रानात वाट्यानं घेतलं आहे, पण ते माझ्या मनावर आहे. हक्क म्हणून त्यांच्याकडे काहीही नाही.

तर पाचपैकी चार. ज्यांच्या गावात संस्था नुकतीच होते आहे त्यांना इतकंच सांगते की चारी ताब्यात घेताना संयुक्त पाहणी असते, तेव्हा टेलपर्यंत चालत जा. फुटलेलं अस्तर, मोडलेली दारं, पट्टी नसलेली मोजणीची जागा, सगळं लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. आमच्या लोकांनी हेडला चहा पिऊन सही केली होती. चारशे मीटरचं फुटकं अस्तर नंतर आम्ही आमच्या वर्गणीतून दुरुस्त केलं.

सध्या तिसरं आवर्तन चालू आहे. माझी पाळी परवा पहाटे साडेपाचला, दिवसाउजेडी संपेल. पट्टीवरचे १५च्या खालचे आकडे पुसट झाले आहेत, शेवाळ धरलंय. पांढरा आणि काळा ऑइल पेंट मी आणून ठेवला आहे. पाणी बंद झालं की भिंत वाळायला दोन दिवस लागतील. टेलच्या ताई आणि मी मिळून आकडे रंगवणार आहोत, चौथं आवर्तन सुटायच्या आत.