एमेंटालर चीज: भोकांवर जाऊ नका

स्वित्झर्लंडच्या बर्न कॅन्टनमधल्या (प्रांतातल्या) एमेंटाल खोऱ्याचं हे चीज घेताना सालीवर ‘एओपी’ची, म्हणजे ठरलेल्या भागात ठरलेल्या पद्धतीनं बनल्याची अधिकृत खूण आधी बघा. किलोभर चीजला सुमारे १२ लिटर कच्चं दूध लागतं. गाईंना मुख्यतः ताजं किंवा वाळलेलं गवत. मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला चारा) अजिबात चालत नाही, कारण त्यातले जिवाणू दुधात उतरले की मुरताना चीजचं अख्खं चाक फुगून तडकतं. नियम कडक आहे, आणि चव त्यामुळेच टिकली आहे!

१२० दिवस मुरलेलं सौम्य, अक्रोडासारखं लागतं. वर्षभर मुरलेलं मात्र खरं दमदार. कापल्यावर भोकात खारट पाण्याचा थेंब चमकला तर बेधडक घ्या. फ्रिजमधून काढून तासभर बाहेर ठेवा, थंडगार चीज रबरासारखं लागतं.