ईजीआर: साफ करावा, बदलावा की बंद करून टाकावा?

डिझेल गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागतो, मेकॅनिक स्कॅनर लावतो, पडद्यावर पी०४०१ किंवा पी०४०२ असा दोषाचा कोड उमटतो आणि तिथून सल्ल्यांना सुरुवात होते. सर्व्हिस सेंटर सांगतं, ईजीआर वॉल्व्ह, म्हणजे एक्झॉस्टचा वायू परत इंजिनात सोडणारी झडप, बदला. ओळखीचा फिटर म्हणतो, खोलून साफ करून देतो. तिसरा कुणीतरी सुचवतो, त्याच्या तोंडाशी पत्रा लावून कायमचा बंद करा, गाडी पळेल बघा. दोष ईजीआरचाच आहे हे तिघांनीही गृहीत धरलेलं असतं. माझा आग्रह एवढाच की पैसे खर्चण्याआधी नेमकं तेच तपासून घ्या. कोड म्हणजे गाडीच्या कंप्युटरची तक्रार. ती कुणामुळे आली, हे शोधायचं काम माणसालाच करावं लागतं.

ईजीआर (एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशन) करतो काय, तर एक्झॉस्टमधला काही वायू पुन्हा इनटेकमध्ये सोडतो. त्यामुळे सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कमी होतो, ज्वलनाचं कमाल तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड्स कमी तयार होतात. बीएस४ या जुन्या प्रदूषण निकषांत डिझेल कारला त्यांची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅम होती, बीएस६ मध्ये ती ०.०८ ग्रॅमवर आली. एक्झॉस्टमधली काजळी आणि इंजिनच्या ब्रीदरमधून येणारी तेलाची वाफ इनटेकमध्ये एकत्र आली की डांबरासारखा चिकट थर बसू लागतो. हलक्या ॲक्सिलरेटरवर ईजीआर जास्त उघडा राहतो, फुल दाबलं की बंद होतो. त्यामुळे पुण्या-ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये रोज रखडणारी गाडी लवकर तुंबते, आणि हायवेवर धावणारी तशीच गाडी बराच काळ कुरकुर करत नाही.

पी०४०१ आणि पी०४०२: दोन वेगळे आजार

पी०४०१ म्हणजे ईजीआरचा प्रवाह अपेक्षेपेक्षा कमी, पी०४०२ म्हणजे जास्त. गाडी चालवताना मात्र दोन्हींचा अनुभव अगदी उलटा येतो. वॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला तर डिझेल गाडीत फारसं काही जाणवत नाही, उलट कधीकधी पिकअप सुधारल्यासारखा वाटतो. दिवा लागला नसता तर कुणाला कळलंही नसतं. वॉल्व्ह उघडा अडकला की मात्र लगेच कळतं: आयडलिंगला थरथर, चढावर दम लागणं, मागे काळा धूर, क्वचित सिग्नलवर बंद पडणं. बीएस६ गाडीत ही वाढलेली काजळी डीपीएफमध्ये (एक्झॉस्टमधली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) साठते, तोही वेळेआधी भरतो आणि एका दुखण्याची दोन होतात. म्हणून दोन्हींतला पी०४०२ जास्त घाईचा.

गोंधळही याच कोडवर सर्वाधिक होतो. पुष्कळ डिझेल गाड्यांत ईजीआरमधून किती वायू गेला हे थेट मोजलं जात नाही. मॅफ सेन्सर आत येणारी ताजी हवा मोजतो. ती अपेक्षेपेक्षा कमी भरली, तर ‘उरलेली जागा ईजीआरच्या वायूने घेतली असणार’ असा कंप्युटरचा हिशेब असतो. आता मॅफ सेन्सर मळून कमी आकडा दाखवत असेल, एअर फिल्टर चोंदला असेल, किंवा मॅफ आणि टर्बोच्या मधला होज फाटून न मोजलेली हवा आत शिरत असेल, तरी कंप्युटर बोट ईजीआरकडेच दाखवतो. असा चांगला चाललेला वॉल्व्ह काढून फेकणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

पी०४०३ ते पी०४०६ हे कोड बहुतांशी विजेच्या बाजूचे: सर्किट, झडपेची हालचाल, पोझिशन सेन्सर. तिथे कार्ब क्लीनरच्या (कार्बन काढायच्या स्प्रेच्या) आधी कनेक्टर काढून बघा. पावसाळ्यानंतर हिरवी पडलेली पिन आणि पार्किंगमध्ये उंदरांनी कुरतडलेली वायर, या दोन गोष्टी आपल्याकडे नेहमीच्या आहेत आणि त्यांचा खर्च नगण्य आहे. मल्टिमीटर असेल तर सेन्सरला ५ व्होल्ट पोचतात का आणि अर्थिंग नीट आहे का, एवढं तरी तपासा.

५०० रुपयांचा डोंगल की गॅरेजचा स्कॅनर?

ऑनलाइन मिळणारा ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावून मोबाइलवर कोड दाखवणारा छोटा स्कॅनर) ५००-७०० रुपयांपासून मिळतो आणि पहिल्या टप्प्यासाठी मी तो नक्की घ्यायला सांगेन. कोड वाचता येतात, मॅफचा आकडा दिसतो, आणि गाडीने साथ दिली तर दोन कामाच्या ओळीही दिसतात: ईजीआरला दिलेला आदेश आणि ईजीआर एरर, दोन्ही टक्क्यांत. आदेश शून्य असताना एरर ९९.२ टक्के दिसली तर दचकू नका. भागाकार शून्याने करता येत नाही म्हणून ठरवून ठेवलेला तो आकडा आहे. त्याचा अर्थ इतकाच की बंद हो म्हटलं तरी सेन्सरच्या मते झडप थोडी का होईना उघडी आहे. अर्थात डोंगल फक्त पाहू शकतो. झडपेला ‘उघड, मिट’ असा हुकूम द्यायचा तर गॅरेजमधला मोठा स्कॅनरच लागतो, कारण त्यात त्या-त्या कंपनीच्या चाचण्या असतात.

मॅफचा आकडा कसा वाचायचा, ते एका उदाहरणाने पाहू. स्विफ्ट, डिझायर, विस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत आलेलं फियाटचं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन घ्या. मारुतीने डिझेल गाड्या २०२० मध्ये बंद केल्या, तरी हे इंजिन आजही रस्त्यावर भरपूर दिसतं. चार सिलिंडर, म्हणजे एकात ३१२ सीसी. हवेचं वजन सीसीला साधारण १.२ मिलिग्रॅम धरलं तर पूर्ण भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे ३७० मिलिग्रॅम हवा मावते. प्रत्यक्षात गरम इंजिनात सिलिंडर इतका भरत नाही, म्हणून ईजीआर बंद असताना आयडलिंगला ३०० ते ३४० मिलिग्रॅमच्या आसपासचा आकडा पटण्यासारखा आहे. ८५० आरपीएमला सेकंदाला साधारण ९ ग्रॅम.

इंजिन पूर्ण तापवा, एसी बंद ठेवा आणि स्कॅनरवाल्याला आधी ईजीआर पूर्ण मिटवायला सांगा, मग उघडायला. निरोगी गाडीत झडप उघडली की हवेचा आकडा झटकन खाली येतो आणि मिटली की परत वर जातो. हा आकडा हलतो कसा, यावरून तुमचा निर्णय बराचसा ठरतो. झडप उघडल्याचं सेन्सर सांगतोय पण हवा तसूभर कमी होत नाही, तर ईजीआरचा मार्ग किंवा त्यातला वायू थंड करणारा कूलर तुंबला आहे. झडप मिटवूनही हवा कमीच, तर ती नीट बसत नाही, किंवा मॅफ खोटं बोलतोय. या दोहोंतला फरक कळायला ईजीआरच्या तोंडाशी तात्पुरता पत्रा लावून पुन्हा आकडा पाहतात. पत्र्यानंतर आकडा सुधारला तर दोष झडपेत, जागचा हलला नाही तर मॅफ, फिल्टर आणि होज तपासा. पत्र्याचा मला मान्य असलेला उपयोग हा एवढाच.

कनेक्टर काढून गाडी चालवून पाहण्याची युक्तीही सांगितली जाते. गाडी सुधारली तर संशय पक्का होतो, हे खरं. पण कार्बनने उघडी अडकलेली झडप कनेक्टर काढून मिटत नाही, तेव्हा फरक पडला नाही म्हणून ईजीआर निर्दोष ठरवू नका.

साफ करणं आणि बदलणं

दोष कार्बनचा असेल, झडप आदेशाला दाद देतेय पण अडखळतेय, मोटर आणि सेन्सर ठीक आहेत, तर आधी साफ करून घ्या. नव्या पार्टच्या मानाने खर्च किरकोळ असतो. मात्र साफसफाई म्हणजे वॉल्व्ह गाडीतून काढून केलेली साफसफाई. इनटेकमध्ये स्प्रे मारून ‘न खोलता साफ’ करून देतो म्हणणाऱ्याला डिझेलच्या बाबतीत मी तरी नाही म्हणेन. सुटलेली ढेकळं थेट सिलिंडरकडे जातात, आणि ज्वलनशील द्रव चालू डिझेल इंजिनात शिरला तर तोच इंधन होऊन आरपीएम आवरेनासे होऊ शकतात.

काम चालू असताना शक्य झालं तर शेजारी उभे राहा. बोल्ट सुटल्यावर आत पाहा: झडप जिथे टेकते त्या कडेवर खडबडीत काळं कवच दिसेल. ते कवच क्लीनरने भिजवून, वेळ देऊन, मऊ ब्रशने काढायचं. मोटरची बाजू वर धरायची, म्हणजे क्लीनर त्यात उतरत नाही. घाईत स्क्रूड्रायव्हर घालून झडप उचकटली की आतल्या गिअरचे दात जातात, आणि साफ करायला नेलेला वॉल्व्ह बदलायची वेळ येते. ईजीआरचा पाईप आणि इनटेक मॅनिफोल्डचं तोंडही पाहा. तिथे भोक निम्म्यावर आलेलं असताना नुसता वॉल्व्ह चकचकीत करून काही साधत नाही. बसवताना गॅस्केट नवं घ्या आणि स्कॅनरवर झडपेचं लर्निंग करून घ्या. पुष्कळ गाड्यांत बंद झडपेची जागा कंप्युटरला नव्याने शिकवावी लागते, आणि हे राहिलं की दिवा परत लागतो.

मोटर जळाली, पोझिशन सेन्सरचा सिग्नल मध्येच तुटतो, झडपेची दांडी ढिली झाली किंवा सीट झिजली असेल, तर साफ करण्यात वेळ दवडू नका, बदला. साफ करूनही कोड लवकरच परतला तरी तेच. वॉरंटीतल्या गाडीला बाहेर हातच लावू देऊ नका.

कूलरचा प्रश्न मात्र वेगळा आणि जास्त गंभीर. कूलंटची पातळी उतरतेय, खाली थेंब दिसत नाही, एक्झॉस्टला पांढरा धूर आहे, तर ईजीआर कूलर आतून गळत असू शकतो. (हेड गॅस्केटचीही हीच लक्षणं, म्हणून प्रेशर टेस्ट हवीच.) २०१८ मध्ये दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांना आगी लागल्या आणि मोठा रिकॉल झाला, त्यामागे ईजीआर कूलरमधून गळणारं कूलंट आणि साठलेली काजळी होती. गळका कूलर साफ करून चालत नाही.

आणि पत्रा लावणं

स्वस्त आहे, गाडी हलकी वाटते आणि डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराची घनता मोजली जाते, त्यामुळे तिथे पकडलंही जात नाही. तरीही मी हा पर्याय यादीतून काढूनच टाकतो. प्रवाह नाही म्हटल्यावर पी०४०१ येतोच. तो लपवायला रीमॅप, म्हणजे कंप्युटरच्या प्रोग्रॅममध्ये फेरफार, करावा लागतो, आणि मग पुढचा खरा दोष कळण्याची सोयही गेलेली असते. कायद्याचं म्हणाल तर प्रदूषणाच्या निकषांचा भंग करणारी गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने अपात्र अशी तरतूद आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी नायट्रोजन ऑक्साइड्स दम्याच्या माणसाला त्रास देतात. रिक्षात बसलेलं शाळकरी पोर आपल्या एक्झॉस्टच्या उंचीवर श्वास घेत असतं.

जुनी डिझेल गाडी विकत घेत असाल तर इग्निशन ऑन करून चेक इंजिनचा दिवा लागतो का आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो का, ते पाहा. मुळात लागतच नसेल तर बोनेट उघडून ईजीआरच्या सांध्यात पत्र्याची जास्तीची कड दिसते का, तिथे बोट फिरवून बघा, इंजिन थंड असताना.