नऊ महिने, अकरा ऑर्डरी आणि बेळगावची गाडी

गेल्या ऑक्टोबरअखेरपासून मी फुले घरपोच पाठवणारी एक स्थानिक सेवा वापरतेय. आजवर अकरा ऑर्डरी दिल्या. आठ वेळेवर पोचल्या, दोन रखडल्या, एक दारात जाऊन परत आली. दुकान पणजीत, ऑर्डर व्हॉट्सॲपवर. "दुपारी बाराच्या आत सांगा, संध्याकाळी सातपर्यंत फुले पोचतील" असा त्यांचा वायदा. मी म्हापशात, आई फोंड्याला, सासरची माणसे मडगावात. दर वाढदिवसाला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर गाडी हाणणे जमत नाही, म्हणून हा खटाटोप.

सुरुवात मात्र वाढदिवसाने झाली नाही. माझी जुनी शेजारीण आता लंडनला असते. २ नोव्हेंबरला, ऑल सोल्स डेला, ख्रिस्ती घरांतली माणसे आपल्या गेलेल्यांच्या थडग्यांवर फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. तिच्या आईच्या थडग्यावर कोण जाणार? मीही त्या दिवशी गावात नव्हते. दोन दिवस आधी ऑर्डर दिली, तर दुकानदाराने फोन करून विचारले, "फरशीवर नाव काय? कपेलाच्या (छोट्या चर्चच्या) कुठल्या बाजूला?" त्या दिवशी सकाळी साडेनऊला फोटो आला. पांढऱ्या शेवंतीचे चक्र, आणि शेजारी पेटवलेली मेणबत्ती. मेणबत्तीचे मी सांगितलेच नव्हते. तिचे पैसेही लावले नाहीत. पुढच्या चुका मी पोटात घातल्या त्या या मेणबत्तीपायी, हे आधीच कबूल करते.

मग आईचा पंचाहत्तरावा. जर्बेरा आणि कार्नेशनचा गुच्छ, साडेसातशे रुपये, वर पोचवणी शंभर. साडेचारला फुले पोचली, पाच वाजता आईचा फोन. "बरीं आसात गो, पूण हीं माळूं कशीं?" चूक माझीच. सत्तर वर्षे अबोली माळलेल्या बाईला मी सेलोफेनमधला जर्बेरा पाठवला होता.

पुढच्या वेळी अबोलीची फाती, म्हणजे ओवलेला गजरा, मागितली, तेव्हा 'त्याच दिवशी'चा खरा अर्थ कळला. गुलाब, जर्बेरा, कार्नेशन बहुतेक घाटावरून, बेळगावच्या गाडीने येतात आणि दुकानात ठेवता येतात. ती फुले बाराच्या आत सांगितली तर खरेच पोचतात. फातीचे तसे नाही. गावातल्या बायका ती ओवून सकाळी बाजारात आणतात, नऊनंतर चांगली उरत नाही. त्यामुळे फाती हवी तर आदल्या रात्री सांगायची, म्हणजे तो सातला बाजारातून उचलतो. जाहिरातीत हे कुठेच नाही. म्हार्दोळच्या जाईबद्दल विचारले, तर म्हणाला, "ताई, ती आधी महालसा देवीची. उरली तर आमची." आता आईला केळीच्या पानात बांधलेली फाती जाते. पन्नासाच्या फातीला शंभराची पोचवणी! बाजारातली फुलवाली ऐकेल तर हसून लोळेल.

रखडलेल्या दोनांपैकी एक जुलैतली. चोर्ला घाटात दरड कोसळून गाडी अडकली. त्याने अकरा वाजता स्वतःहून कळवले, "हातातले गुलाब परवाचे आहेत, देऊ का?" मी नको म्हटले, फुले दुसऱ्या दिवशी गेली. याला मी उशीर म्हणते, तक्रार म्हणत नाही. दुसरी मडगावची, आणि तिचा राग अजून आहे. दिराच्या नव्या ऑफिसला पांढऱ्या लिली सांगितल्या होत्या. मडगावची ऑर्डर हे लोक तिथल्या दुसऱ्या दुकानाकडे सोपवतात, हे मला तेव्हा समजले. गेल्या गुलाबी लिली, त्याही दीड वाजता, ऑफिस जेवणासाठी बंद असताना. गोव्यात दुपारी एक ते साडेतीन कोणी दार उघडत नाही, हे गोव्याच्या दुकानाला मी सांगायचे? तीन दिवस वाद घातल्यावर दोनशे रुपये परत मिळाले.

परत आलेली ऑर्डर एका रुग्णालयातली. अतिदक्षता विभागात फुले नेऊ देत नाहीत. मी विसरले, पण रोज हाच धंदा करणाऱ्याने विचारायला हवे होते.

टिकण्याबद्दल थोडे. मे महिन्यातल्या दमट हवेत गुलाब तीन दिवस, कार्नेशन आठवडाभर. जर्बेराची मान लवकर पडते. लिलीचे पराग आधीच खुडून टाका, पांढऱ्या कपड्यावरचा त्यांचा डाग निघत नाही. देठ तिरके कापून रोज पाणी बदलले की बाकी काही लागत नाही. १४ फेब्रुवारीला वीसचा गुलाब पन्नासला होता. मी १५ला मागवला, नवऱ्याला फरक कळला नाही.

पणजी, म्हापसा, फोंड्यासाठी मी ही सेवा चालू ठेवणार. मडगावला तिथल्याच फुलवाल्याला फोन करते. पत्ता देताना घर क्रमांकावर विसंबू नका. वाडा, जवळचे देऊळ किंवा खुरीस (क्रूस), आणि घरातल्या माणसाचा नंबर द्या. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आठवड्यात ते पोचवणी बंद ठेवतात. माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचे, सामान आम्ही नाहीतरी बाणस्तारीच्या बाजारात जाऊन, हातात घेऊन बघूनच आणतो. आईची फाती मात्र चवथीच्या आधीच्या रविवारसाठी आत्ताच सांगून ठेवली आहे.