गच्चीवरची मिरची आणि पाच ट्रेचा डिहायड्रेटर: यंत्र बरं, बुडातला पंखा वैताग

वॉरंटी संपली आणि गरम हवेने फळं-भाज्या वाळवणारं हे यंत्रही बसलं. पंखा फिरतो, दिवा लागतो, हवा मात्र गार. सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, अख्खं बूड बदला; खर्च यंत्राच्या निम्म्या किमतीहून जास्त. प्रत्यक्षात उडालाय तो थर्मल फ्यूज, म्हणजे उष्णता फार वाढली की वीज तोडणारा छोटा भाग, पन्नास रुपयांच्या आतला. इथूनच डोकं फिरलं.

हा फ्यूज उगाच जात नाही. या गोल, एकावर एक ट्रेच्या यंत्रात पंखा आणि हवा तापवणारी कॉइल दोन्ही बुडात. मिरची चिरून वाळवली की बिया सुटतात, ट्रेच्या भोकांतून गळतात आणि थेट कॉइलवरच्या जाळीवर जाऊन बसतात. सफरचंद, टोमॅटो वाळवणाऱ्याला हा त्रास कळणारच नाही. बिया आणि सालीचा भुगा साचला की हवा अडते, कॉइलची उष्णता तिथेच कोंडते आणि फ्यूज जातो. वर त्या बिया करपल्या की असा ठसका सुटतो की शेजारचेही खोकतात. मिरचीचा फोटो खोक्यावर छापणाऱ्यांनी एकदा तरी मिरची वाळवून बघायची होती.

उपाय स्वस्त आहे. पिठाच्या चाळणीची स्टीलची जाळी ट्रेच्या मापाने गोल कापून सगळ्यात खालच्या ट्रेत टाकायची आणि तो ट्रे रिकामा ठेवायचा. मलमल नको, हवा अडते. प्रत्येक घाणा संपला की जाळी झटकायची. फ्यूज बदलायचा तर आधी प्लग काढा आणि जुन्यावर छापलेले अंश व अँपिअर बघून तसाच आणा. साधा डाग देऊ नका, सोल्डरिंगच्या उष्णतेनेच नवा फ्यूज उडतो. क्रिम्प करून, म्हणजे धातूच्या नळीत तारा चेपून, जोडून घ्या. थेट वायर जोडून फ्यूज टाळायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, रात्रभर चालणारं यंत्र आहे हे.

आता मिरची. पिकून पूर्ण लाल झालेलीच तोडा. धुऊन कोरडी पुसा, देठ काढा, उभी चिरा. लवंगी 55 अंशांवर सात ते नऊ तासांत होते. अख्खी ठेवली तर दिवस-रात्र जाते, पावसाळ्यात त्याहून जास्त. शिवाय पोकळीत ओल राहून आतून बुरशी धरते आणि बाहेरून कळतही नाही. अख्खीच हवी असेल तर निदान सुईने दोन-तीन ठिकाणी टोचा. घाईने 70 अंश लावाल तर साल आधी कडक होते, आतलं पाणी अडकतं आणि रंग विटकरी पडतो. डायलवरच्या आकड्यांवरही विसंबू नका. खालच्या आणि वरच्या ट्रेत सात-आठ अंशांचा फरक सहज पडतो, म्हणून दर दोन तासांनी ट्रे वर-खाली करा. गार झाल्यावर मिरची वाकली तर कच्ची, कडकन मोडली तर झाली. मग आठवडाभर काचेच्या बरणीत ठेवून रोज हलवा. काचेला दव दिसलं तर परत ट्रेत.

उन्हाळ्यात फुकटचं ऊन असताना वीज कशाला जाळायची, हे माझं मत मात्र बदललं. उन्हात आठ-दहा दिवस लागतात, रोज संध्याकाळी उचलाउचल, आणि रंग उडतो तो वेगळाच. यंत्रात वाळवलेल्या मिरचीचा लालपणा तिखटातही टिकतो. 250 वॉटचं यंत्र बारा तास सलग चाललं तरी तीन युनिट, म्हणजे युनिट दहा रुपयांनी धरलं तर तीस रुपये. एका घाण्यात किलोभर ओली मिरची बसते, हाती दोनशे ते अडीचशे ग्रॅम सुकी येते. बाजारातून हिरवी आणून वाळवण्याचा खटाटोप व्यर्थ, पण घरच्या लवंगीला किंवा भूत झोलकियाला (ईशान्येकडची जहाल तिखट मिरची) परवडतं.

झोलकिया असेल तर यंत्र बाल्कनीतच लावा, नायट्रिलचे हातमोजे घाला. ट्रे धुताना गरम पाणी ओतू नका, वाफेनेच डोळे झोंबतील. आधी तेलाचा हात फिरवून मग कोमट पाणी आणि साबण. आणि ते ट्रे कायमचे मिरचीचेच ठेवा. प्लास्टिक तिखट धरून बसतं, नंतर वाळवलेल्या चिकूच्या फोडीसुद्धा जिभेला झोंबतात.