व्हॅन गॉगचं पिवळं घर, नंबरी कॅनव्हासवर: घ्या, पण पाऊस सरल्यावर रंगवा

व्हॅन गॉगने 1888च्या सप्टेंबरात फ्रान्समधल्या आर्ल गावातलं आपलं भाड्याचं घर चित्रात रंगवलं. मूळ चित्र 72 बाय 91.5 सेंटिमीटर, नंबर पाहून रंग भरायच्या या संचातला कॅनव्हास 40 बाय 50. प्रमाण जवळपास जुळतं, त्यामुळे उजवीकडच्या पुलावरची आगगाडीही शाबूत आहे. सोबत अॅक्रिलिकच्या 24 डब्या आणि तीन ब्रश. लाकडी चौकट मात्र वेगळी घ्यावी लागते.

घोळ आहे तो पिवळ्यातच, म्हणजे नेमका घराच्या भिंतींत. हा रंग झाकणारा नाही. दोन हात दिले तरी छापील नंबर खालून डोकावतात. नंबरांवर आधी पांढऱ्याचा पातळ हात द्या, तो पुरता वाळला की पिवळा. रंग घट्ट वाटला तर पाण्याचे एकदोन थेंब पुरेत. जास्त पाणी घातलंत तर थर कमकुवत होतो आणि पुढचा हात देताना खालचा उखडून येतो.

सूचनापत्रात वरून खाली रंगवायला सांगितलंय. या चित्रात ते ऐकू नका. निळ्यावर पिवळा चढला की कडेला हिरवट रेघ उमटते, पिवळ्यावर निळा मात्र बेमालूम बसतो. म्हणून भिंती आधी, आकाश नंतर, हिरव्या खिडक्या शेवटी. आकाशाचे तीन निळे ओले असतानाच एकमेकांत मिसळा. वेगवेगळे ठेवले तर ठिगळं दिसतात, आणि मूळ चित्राची सगळी मजा त्या सलग गडद निळ्यापुढे उभ्या पिवळ्यात आहे.

चित्रात घरापुढे दिसणारे मातीचे ढीग संचात निव्वळ तपकिरी डाग झालेत. रस्ता गॅसच्या नळ्यांसाठी खणलेला होता. (खणलेला रस्ता कसा दिसतो हे पणजीकरांना सांगायला नको.) तिथे नंबर सोडून ढिगाच्या उतारानुसार ब्रश फिरवा. डावीकडची गुलाबी इमारत म्हणजे व्हॅन गॉग रोज जेवायचा ती खाणावळ, संचातला गुलाबी तिला ठीक शोभतो.

आता आपल्या गोव्याच्या हवेचं. जून ते सप्टेंबर दमटपणामुळे अॅक्रिलिक वरून कोरडं लागतं, पण आत मऊ राहतं. अशा वेळी वॉर्निश मारलं तर दुधी झाक धरतं. रंग भरून झाले तरी वॉर्निश चवथीनंतर, कोरडा आठवडा पाहूनच मारा. गुंडाळीच्या वळ्या असतील तर रंगवण्याआधी कॅनव्हास उलटा घालून वर सुती कापड ठेवा आणि मंद इस्त्री फिरवा. रंग लागल्यावर इस्त्री नको.

चौकट घेताना दाबलेल्या भुशाच्या पट्ट्या नकोत, ओलीने फुगतात. काच लावणार असाल तर ती रंगाला टेकू देऊ नका, चिकटते. चिऱ्याच्या भिंतीवर टांगताना खालच्या दोन कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे लावा म्हणजे मागून हवा खेळेल, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी धरेल.